कधी येऊ नये, ते आधी विचारा

एप्रिल लागला की महाराष्ट्रातल्या काही ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, नेपाळच्या दौऱ्याची यादी फिरायला लागते. दहा दिवस, वीस-बावीस जण, सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट. रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सुनौली, सीमा ओलांडली की भैरहवा, मग बुटवल आणि वर डोंगरात पाल्पा. सामानात पपेटचा खोका, कीबोर्ड, चॉकलेटची पाकिटं आणि वापरलेल्या कपड्यांची दोन गाठोडी. पत्रकावर उद्देश छापलेला असतो: सेवा, सुवार्ता आणि सांस्कृतिक नातं.

पहिल्या दोन शब्दांवर बैठकांमध्ये तासन्‌तास बोलणं होतं. तिसरं मात्र आपसूक जुळेल असं सगळे धरून चालतात. एकत्र जेवलो, एकत्र गायलो, फोटो काढले की झालं. तसं ते होत नाही. दौऱ्याची तारीख आपण ठरवली, कार्यक्रम आपण आखला आणि पैशाची पिशवी आपल्याच खांद्याला राहिली, तर समोरच्याला करायला एकच काम उरतं, आभार मानायचं. आभारातून नातं जुळत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की तारीख, कार्यक्रम आणि पैसा या तिन्ही गोष्टी यजमान मंडळीच्या हातात द्याव्यात आणि आपण निव्वळ पाहुणे म्हणून जावं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दौरा काढू नये.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे बाहेरच्या कुणी समजावण्याची खरं तर गरज नाही. दोनशे वर्षं आपण या व्यवहारात यजमानाच्या बाजूला बसलो आहोत. फेब्रुवारी १८१३मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. त्यानंतर आलेल्या शेकडो परदेशी माणसांपैकी आपल्याला आज कोण आठवतं? जे भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसले, तेच. त्याच्याही दोन शतकं आधी, १५७९मध्ये गोव्याला आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकला, ओवी शिकला, आणि त्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं ते १६१६मध्ये. म्हणजे येणं आणि छापणं यांत सदतीस वर्षं. (रायतूर ज्या भागात आहे त्या सासष्टीत सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली होती, हेही त्या गोष्टीचं अंग आहे. भाषेवर प्रेम असलं म्हणून सत्तेचा हिशेब पुसला जात नाही.) नारायण वामन टिळकांनी तर आतूनच बंड केलं. साहेबाच्या चालीवर बसवलेल्या गीतांपेक्षा अभंग, भजन आणि कीर्तन इथल्या माणसाच्या काळजाला भिडतं, हे त्यांनी लिहून आणि गाऊन दाखवलं. आज रविवारी मराठी उपासनेत जे आपल्याला ‘आपलं’ वाटतं, त्यातलं पुष्कळसं या बंडातून आलं आहे.

आता पारडं फिरलं आहे. आपणच कुणाच्या तरी दारात पाहुणे म्हणून उभे आहोत, आणि साहेबाने केलेल्या चुका नव्या टी-शर्टात करतो आहोत.

नेपाळच्या मंडळीला बाहेरून कुणी उभं केलेलं नाही, ही पहिली गोष्ट डोक्यात बसायला हवी. १९५१पर्यंत, राणांच्या राजवटीत, तो देश परक्यांना जवळपास बंद होता. १९४९मध्ये रॉबर्ट फ्लेमिंग नावाचे मसुरीच्या शाळेतले शिक्षक पक्ष्यांचे नमुने गोळा करायला म्हणून परवानगी काढून आत गेले. पुढे त्या ओळखीतून दवाखान्यांचं दार उघडलं, आणि ५ मार्च १९५४ रोजी ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ची स्थापना झाली ती आपल्या नागपुरात. सरकारने त्यांना काम करू दिलं ते एका अटीवर: दवाखाने चालवा, शाळा चालवा, धर्मप्रसार करायचा नाही. ती अट मान्य करून लोक पाल्प्यातल्या तानसेनला, काठमांडूला राहिले. सुवार्ता सांगितली ती दार्जिलिंग-कालिम्पोंगकडून आणि नौतनव्याच्या सीमेवरून परत गेलेल्या नेपाळी माणसांनी. पोखऱ्याच्या रामघाटावरची मंडळी १९५२च्या सुमारास अशाच लोकांनी सुरू केली. २०२१च्या जनगणनेत ख्रिस्ती पाच लाखांच्या वर, १.७६ टक्के, नोंदले गेले. परदेशी माणसाच्या तोंडाला कुलूप असताना झालेली ही वाढ आहे. आपल्या दहा दिवसांवाचून त्यांचं काही अडलेलं नाही, हे एकदा मान्य केलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

तारखेचं बघू. आपले दौरे मे महिन्यात निघतात, कारण आपल्या शाळा-कॉलेजांना सुट्टी असते. नेपाळचं शैक्षणिक वर्ष सुरू होतं वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. मेमध्ये तिथल्या शाळा भरात असतात. आपण सुट्टीतली बायबल शाळा भरवायला जातो तेव्हा त्यांना सुट्टीच नसते. पास्टर संकोचाने नाही म्हणत नाहीत, आणि पोरं वर्ग बुडवून आपल्या पपेटसमोर येऊन बसतात. गावात तेव्हा मक्याची खुरपणी असते. जूनमध्ये जावं तर पाऊस. बुटवलहून तानसेनकडे चढणाऱ्या सिद्धार्थ महामार्गावर सिद्धबाबाच्या कड्यावरून दगड कोसळतात आणि वाहनं तासन्‌तास अडकतात. असारच्या पंधरा तारखेला, आपल्या जूनअखेरीला, भातलावणी ऐन जोरात असते. दसैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळीचा काळ, हा घरी परतण्याचा. त्या दिवसांत ख्रिस्ती कुटुंबांपुढे वेगळाच पेच असतो: थोरल्यांच्या हातचा टीका, म्हणजे आशीर्वादाचा टिळा, घ्यायचा की नाही, न घेता घरात प्रेमाने कसं वावरायचं. अशा वेळी परक्यांचा घोळका अंगणात असणं म्हणजे आगीत तेल. मोकळा काळ उरतो तो माघ-फागुनचा, जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. थंडी असते, शेतं निवांत असतात, माणसं चुलीपाशी बसतात. आणि नेमक्या त्या वेळी आपल्याकडे परीक्षांचे दिवस असतात.

मग तरुणांनी जाऊच नये का? वीस जणांचा जथा नेऊ नये, एवढंच. रजा काढू शकणारे सहा ते आठ जण जावेत, त्यात दोन तरुण असावेत. आठच का, याचं उत्तर डोंगरातल्या घरात मिळतं. गावच्या रस्त्यावर चालणाऱ्या जीपमध्ये आठ माणसं आणि सामान बसतं. नववा आला की दुसरी जीप. एका घरात दोन पाहुणे झोपू शकतात, म्हणजे चार घरं पुरतात. वीस जण आले की झोपायला चर्चची खोलीच लागते, मग सगळे एकत्र राहतात, आपसात मराठीत गप्पा मारतात, आणि नेपाळी कुटुंबाच्या घरात एक रात्रही जात नाही. संख्या वाढली की नातं कसं बारगळतं ते यात दिसतं.

ताटाचं गणित तर क्वचितच कुणी मांडतं. नेपाळी डोंगरी घरात दोन जेवणं असतात, सकाळी दहाच्या आसपास आणि संध्याकाळी सात-साडेसातला. मधे खाजा, म्हणजे पोहे, मकई, चहा असं काहीतरी. आपलं वेळापत्रक सकाळी आठला नाश्ता आणि एकला जेवण असं छापलेलं असतं, आणि यजमान बाई दिवसातून चारदा चूल पेटवत राहते. शिवाय पाहुण्याला भातच वाढला जातो. घरची माणसं कदाचित ढिंडो खातील, कोदोच्या (आपल्या नाचणीच्या) किंवा मक्याच्या पिठाचं आपल्या उकडीसारखं घट्ट शिजवलेलं. पण पाहुण्यापुढे ढिंडो ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटतं. आपल्याकडे पाहुणा आला की भाकरी मागे सारून पोळी लाटायची, तसंच. माणशी एका वेळी दीडशे ग्रॅम तांदूळ धरला, आठ माणसं, दोन वेळा, दहा दिवस, की चोवीस किलो होतात. वीस माणसांचे साठ किलो. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात मोजकं भात पिकवणाऱ्या घराला हे झेपणारं नाही, आणि ते बोलून दाखवणार नाहीत. म्हणून पोहोचल्याच दिवशी मंडळीच्या खजिनदाराबरोबर गावातल्या दुकानात जाऊन तांदूळ, डाळ, तेल, मीठ घ्यावं आणि राहणार त्या घरांत वाटून द्यावं. याला ते कोसेली म्हणतात, पाहुण्याने हातात घेऊन जायची भेट. बाईच्या हातात नोटा कोंबल्या तर अपमान होतो, तांदळाचं पोतं मात्र हसून घेतलं जातं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘आज ढिंडो खाऊ या का’ असं आपणहून विचारावं. गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या, आंबट रश्शाबरोबर ढिंडो कसा गिळायचा, चावायचा नाही, हे शिकवताना घरातली सगळी माणसं पहिल्यांदा मोकळी हसतात. तोवर आपण साहेब असतो.

ताटाबद्दल आणखी थोडं. उष्ट्याचा विचार आपल्याकडे आहे तसाच तिथे आहे, जुठो म्हणतात. बाटली तोंडाला न लावता वरून पाणी प्यायचं. आपल्या ताटातलं उचलून दुसऱ्याला द्यायचं नाही, मग ते प्रेमाने का असेना. वाढणारा पहिला नकार मानत नाही. हात आडवा धरून ‘पुग्यो’, म्हणजे पुरे, म्हणायचं. देताना-घेताना उजवा हात पुढे आणि डाव्याची बोटं उजव्या कोपराला टेकलेली. मराठी माणसाला यातलं फारसं परकं नाही, आणि तीच गंमत आहे: निम्मं ओळखीचं असल्यामुळे उरलेलं निम्मं आपण शिकायचं विसरतो.

भाषेच्या बाबतीत ही अर्धी ओळख जास्तच फसवते. लिपी देवनागरी, त्यामुळे पाट्या वाचता येतात. हिंदी सिनेमामुळे हिंदी बहुतेकांना कळते. मग नेपाळी शिकायची कशाला? शिकायची, कारण हिंदीतून बोलणारा भारतीय म्हणजे तिथे फक्त पाहुणा राहत नाही, मोठ्या शेजाऱ्याचा माणूस होतो. सप्टेंबर २०१५पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सीमेवरून गॅस, पेट्रोल, औषधं अडली होती. दिल्लीने तिला नाकेबंदी म्हटलं नाही. नेपाळी माणूस तिला नाकेबंदीच म्हणतो. भूकंपाला सहा महिनेही झाले नव्हते. पाहुणचारात हा विषय निघत नाही, पण मनातून गेलेलाही नाही. त्यात एखादा उत्साही वक्ता ‘बुद्ध आमच्या भारताचा’ असं बोलून जातो, आणि लुंबिनी तर भैरहव्याहून वीस-बावीस किलोमीटरवर. सभेत कुणी काही म्हणत नाही. सभा मात्र तिथेच संपलेली असते.

शब्दांची फसवणूक त्याहून मजेशीर. ‘बहिनी’ ऐकून मराठी कानाला वहिनी वाटते. ती असते धाकटी बहीण, आणि पन्नाशीच्या बाईला बहिनी म्हटलं तर बरं दिसत नाही. वयाने मोठी ती दिदी, आईच्या वयाची ती आमा, पुरुष असेल तर दाइ किंवा बुबा. वहिनीला भाउजू. ‘भेटी’ म्हणजे आपल्या गाठीभेटी नव्हेत, उपासनेतलं अर्पण. ‘तिमी’ आणि ‘तपाईं’ यांत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’इतकं अंतर आहे, वर ‘हजुर’ आहे. आणि इथे एक जागा अशी आहे की जिथे मराठी ख्रिस्ती माणसाने थबकून ऐकावं. आपण प्रभूच्या प्रार्थनेत म्हणतो, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’ देवाला तू म्हणणं ही आपली जवळीक, ज्ञानोबा-तुकोबांपासून चालत आलेली. आजचा नेपाळी ख्रिस्ती त्याच पित्याला तपाईं म्हणतो, हजुर म्हणतो. आपण मोडक्या नेपाळीत ‘तिमी’ म्हणून प्रार्थना केली तर म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा येतो. ही चूक शब्दकोश पाहून टळत नाही. आधी चार शनिवार त्यांच्याबरोबर गप्प बसून ऐकलं तरच टळते.

चार शनिवार, कारण नेपाळात मंडळी शनिवारी जमते. आठवड्याची सुट्टी तीच आहे. २५ एप्रिल २०१५ला दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तो शनिवारच होता, आणि कित्येक ठिकाणी माणसं उपासनेत बसलेली होती. जोडे बाहेर काढून, जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर, बाया एकीकडे आणि पुरुष एकीकडे. जयमसीह म्हणताना हात जोडलेले. मादल वाजतो, मांडीवर आडवा घेतलेला, दोन्ही तोंडांना दोन आवाज. आपण कीबोर्डवर तयार ट्रॅक लावून हिंदी कोरस सुरू केले की मादल बाजूला ठेवला जातो, पाहुण्यांचा मान म्हणून. टिळक ज्याच्याशी भांडले ते हेच. न्यायचंच असेल तर कीबोर्ड घरी ठेवून टाळ न्यावेत. निघण्याआधी एक नेपाळी भजन झ्याउरे या तिथल्या लोकतालावर पाठ करून जावं, आणि त्यांनी ‘तुमचं काहीतरी म्हणा’ म्हटलं तरच टिळकांचा एखादा अभंग म्हणावा. मादलवाला दुसऱ्या कडव्याला ठेका पकडतो. त्याला काही सांगावं लागत नाही.

आता ही भाषा शिकायची कुठे? आपल्याच सोसायटीच्या फाटकावर. मुंबई-पुण्यात हजारो नेपाळी माणसं पहारा देतात, हॉटेलांत राबतात, मोमो विकतात, आणि नेपाळी भाषेतल्या प्रार्थनासभाही या शहरांत भरतात. आपण त्यांना काय म्हणतो? बहादुर. किंवा कांचा. दोन्ही त्यांचेच शब्द, पण आपल्या तोंडून येतात ते नाव न विचारण्याची सोय म्हणून. पाल्प्यात जाऊन ‘सांस्कृतिक नातं’ जोडू पाहणाऱ्या माणसाला आपल्या फाटकावरच्या माणसाचं नाव, गाव आणि तो शेवटचा घरी कधी गेला हे ठाऊक नसेल, तर त्याला आम्ही यादीतून वगळू. दौऱ्याआधी तीन महिने, आठवड्यातून एकदा, शहरातल्या नेपाळी मंडळीत जाऊन मागच्या रांगेत बसायचं. बारा बैठका होतात. त्यात नमस्कार, नाती, जेवण, आजार, प्रार्थना एवढ्यापुरती नेपाळी येते. ज्याच्या आठपेक्षा कमी हजेऱ्या झाल्या, त्याचं तिकीट काढू नये. हा नियम कडक वाटतो, पण वीस जणांची यादी आपोआप आठावर आणणारा दुसरा उपाय आम्हाला ठाऊक नाही.

नाव विचारायचं म्हणजे आडनाव खोदायचं असं मात्र नाही. पहिल्या दोन मिनिटांत ‘पूर्ण नाव काय’ विचारून माणसाची जागा ठरवायची खोड आपल्या अंगात किती भिनली आहे हे वेगळं सांगायला नको. तिथे थर, म्हणजे आडनाव, तेच काम करतं. विश्वकर्मा, परियार, नेपाली ही दलितांमधली आडनावं सांगताना अनेकांच्या आवाजात क्षणभर जो थांबा येतो, तो महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांना अनोळखी नसावा. त्यांच्या मंडळ्यांत तामाङ, मगर, राई, चेपाङ या जनजाती आणि दलित मोठ्या संख्येने आहेत. एकाच सतरंजीवर बसून, एकाच भांड्यातलं जेवण घेणं हीच कित्येकांसाठी मोठी गोष्ट आहे. तिला आपल्या एका प्रश्नाने तडा जाऊ देऊ नये.

नाटुकल्यांबद्दल आम्ही जरा जास्तच चिडतो, ते समजून घ्यावं. रस्त्यावरच्या नाटुकल्यात सैतान दाखवायचा असतो. काळे कपडे घालून तोंडाला काजळ फासलं की झाला सैतान. त्यात सावळ्या माणसाची काय शोभा होते ते वेगळंच. काही हुशार मंडळी याच्याही पुढे जातात आणि भोंदू म्हणून कपाळाला टिळा लावलेला, गळ्यात माळ घातलेला माणूस उभा करतात. समोर गावातले पुजारी, मास्तर, वडाध्यक्ष (वडा म्हणजे वॉर्ड, त्याचा प्रमुख) उभे असतात. पाहुणे दुसऱ्या दिवशी निघून जातात. उरतो तो पास्टर, ज्याला उद्या त्याच वडा कार्यालयात मुलाच्या दाखल्यासाठी जायचं आहे.

आणि कायदा त्याच्यासाठी खेळ नाही. नेपाळच्या २०१५च्या संविधानाचं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेचं कलम १५८ त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाली की सात दिवसांत देशाबाहेर काढतात. व्हिसा लागत नाही म्हणून भारतीय माणूस परदेशी ठरत नाही असं कुणी समजू नये. हा कायदा योग्य की अयोग्य, यावर आमचं मत आहे: माणसाने आपली श्रद्धा स्वतः निवडावी आणि ती बोलून दाखवावी, यात गुन्हा नाही. पण हे भांडण नेपाळी नागरिकांचं आहे, ते लढत आहेत, आणि त्यात आपल्या धाडसाची किंमत त्यांनी तुरुंगात मोजावी हा न्याय नव्हे. म्हणून पत्रकं वाटायची नाहीत, मुलांना आईबापांना न विचारता जमवायचं नाही, बरं करण्याच्या प्रार्थनेचे व्हिडिओ टाकायचे नाहीत, कुणाच्या बाप्तिस्म्याचा फोटो तर मुळीच नाही. फोटोला एकच नियम पुरतो: ज्याचा काढला त्याला दाखवायचा आणि त्याने हो म्हटल्याशिवाय तो आपल्या गावी कुणालाही जायचा नाही.

मदतीचंही तसंच. तांदळाच्या पिशवीत पुस्तिका घालायची नाही. वाटप प्रार्थनासभेच्या वेळी किंवा जागी करायचं नाही. यादी वडा कार्यालयाला दाखवून करायची, म्हणजे ख्रिस्ती नसलेली गरजू घरं सुटत नाहीत. दुष्काळातला भात आणि धर्म यांची सांगड घातल्याचा आरोप आपल्या आजोबा-पणजोबांनी इथे जन्मभर ऐकला; खरा असो की खोटा, तो डाग कसा चिकटतो ते आपल्याला ठाऊक आहे. वापरलेल्या कपड्यांची गाठोडी मात्र सरळ इथेच ठेवावीत.

पैशाचा मुद्दा सर्वात अवघड, म्हणून लोक तो भावनेवर उडवून लावतात. ऑक्टोबर १९९८च्या अखेरीस मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केलं. उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने त्याचा नंतर अभ्यास केला: पाहुण्या गटांनी बांधलेलं एक घर प्रवासखर्च धरून सुमारे तीस हजार डॉलरला पडलं, तर तसंच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था दोन हजारांत बांधत होती. त्याहून बोचरी बाब अशी की आपलं घर परदेशी हातांनी बांधलं की गावच्या गवंड्याने, याने त्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडलेला दिसला नाही. १९६८मध्येच इव्हान इलिच या धर्मगुरूने मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं: बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका.

आपलं गणित डॉलरमध्ये नसलं तरी तेच आहे. वीस जणांचे माणशी वीस हजार धरले तर चार लाख भारतीय रुपये, म्हणजे १.६च्या ठरलेल्या दराने सहा लाख चाळीस हजार नेपाळी. एवढ्या खर्चात माणसं भिंत रंगवायला न्यावीत? पाल्प्यात रंगारी आहेत, त्यांना रोजगार हवा आहे आणि त्यांचा हात आपल्या बँकेतल्या क्लार्कपेक्षा सरस आहे. यावर नेहमीचं उत्तर असं येतं की पैसा काय, आमच्या तरुणांची आयुष्यं बदलतात. बदलत असतील, हा फायदा आम्ही खरा मानतो. पण मग तसं म्हणा. तरुणांच्या शिक्षणाची सहल म्हणा, खर्च ज्याचा त्याने करा, आणि ‘नेपाळसाठी अर्पण’ म्हणून विधवांच्या पाकिटातून तिकिटं काढू नका. नेपाळच्या नावाने जमलेला रुपया तिथल्या मंडळीच्या खात्यात जावा, तिथल्या वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांनी, सगळ्यांदेखत त्याचा हिशेब ठेवावा. पास्टरच्या हातात गुपचूप पाकीट देणं म्हणजे त्या माणसाला आपल्याच लोकांत संशयित करणं. असल्या पाकिटांवरून मंडळ्या फुटतात, आणि देणाऱ्याला ते कधी कळतही नाही. सीमेवरच नेपाळी रुपये करून घ्यावेत. मोठ्या भारतीय नोटांचे नियम तिथे वारंवार बदलत आले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ‘सर्व जगात जाऊन सुवार्तेची घोषणा करा’ असा आदेश असताना तुम्ही भात आणि व्याकरण घेऊन बसलात. तर, जायला आमची ना नाही. आम्ही फक्त विचारतो की जाऊन आल्यावर तिथे आपलं काय राहतं. एकाच गावी सलग पाच वर्षं, तेच तीन-चार चेहरे, पहिल्या वर्षी भाषण नाही, दुसऱ्या वर्षी बोलावलं तर दहा मिनिटं. असं करून बघणारे थोडे. दरवर्षी नवा जिल्हा, नवा फोटो, नवा अहवाल हे जास्त. भाषण द्यावंच लागलं तर दुभाष्याला आदल्या रात्री कागद द्यावा, दोन वाक्यांवर थांबावं, आणि लक्षात ठेवावं की वीस मिनिटांचं बोलणं अनुवादासकट चाळीस होतं. म्हणी आणि शब्दांच्या कोट्या घरी ठेवाव्यात. पाच वर्षांनी बोलायची वेळ आली तर दुभाष्या लागू नये.

आणि उलटा प्रवास? नेपाळी वडील, दिदी, मादलवाला यांना आपण दहा दिवस इकडे किती वेळा बोलावलं? आलेच तर त्यांना व्यासपीठावर हार घालून दोन मिनिटं साक्ष द्यायला सांगतो, तेही हिंदीत. त्यांना अहिल्यानगरच्या एखाद्या खेड्यात आपल्या घरी ठेवावं, भाकरी-पिठलं वाढावं, शेताच्या बांधावर न्यावं, आणि आपली उपासना कशी वाटली हे विचारावं. त्यांनी सांगितलेलं ऐकायला कठीण जाईल. देवाला तुम्ही तू का म्हणता, हे त्यांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं याची तयारी बैठकीत करून ठेवायला हरकत नाही.

पुढच्या दौऱ्याची यादी फिरवण्याआधी एक पत्र जावं, नेपाळीत, शहरातल्या नेपाळी मंडळीकडून तपासून घेतलेलं. त्यात आपल्या तारखा नकोत, आपण काय काय करू शकतो याची जंत्री नको. तीनच प्रश्न असावेत: कोणत्या महिन्यात येऊ नये, कितीपेक्षा जास्त जणांनी येऊ नये, आणि मागच्या वेळी आलेल्यांनी काय केलं ते परत होऊ नये. पहिलं उत्तर बहुधा ‘तुम्ही केव्हाही या’ असंच येईल. ते आपल्या ‘काही नको हो’सारखं आहे; दुसऱ्यांदा विचारायचं.